डाव्या अंगठ्याची जागा : बेन होगनच्या पकडीतील बदलाचा प्रकरण अभ्यास

उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फपटूचा चेंडू हवेत डावीकडे वळत गेला, तर त्या फटक्याला हुक म्हणतात. हुक बसलेला चेंडू सहसा कमी उंचीवरून जातो आणि जमिनीवर पडल्यानंतरही बराच धावतो. त्यामुळे अंतर भरपूर मिळते, पण फेअरवेच्या, म्हणजे आखूड गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, डाव्या कडेला पडलेला असा चेंडू थांबायचे नाव घेत नाही आणि झाडीत, पाण्यात किंवा थेट मैदानाच्या सीमेबाहेर जातो. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या बेन होगनने या एका दोषाशी पंधरा वर्षांहून अधिक काळ झुंज दिली आणि अखेरीस दांड्यावरचा डावा हात थोडासा फिरवून व मनगटाची एक हालचाल बदलून तो आटोक्यात आणला. हातांची जागा बदलून चेंडूवर ताबा मिळवण्याचे गोल्फच्या इतिहासातील हे बहुधा सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण असावे. पकड बदलल्यावर होगन सरळ मारू लागला, असे त्याचे सार सर्रास सांगितले जाते. माझ्या मते ते अपुरे आहे. होगनने मैदानाची एक बाजू स्वतःसाठी बंद करून टाकली, त्यासाठी काही अंतर जाणूनबुजून सोडले, आणि उरलेल्या शरीराला त्या पकडीशी जुळवून घेतले. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय अंगठा किती सरकवला याला फारसा अर्थ उरत नाही.

खेळाडू आणि त्याचा दोष

होगनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ चा. वडील लोहारकाम करीत. १९२२ मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि त्यानंतर घराला हातभार म्हणून हा मुलगा आधी वर्तमानपत्रे विकू लागला, पुढे फोर्ट वर्थ येथील ग्लेन गार्डन क्लबात कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या म्हणून, राबू लागला. पुढे तितकाच मोठा झालेला बायरन नेल्सनही त्याच काळात त्याच क्लबात कॅडी होता. होगन अंगाने लहानखुरा होता. प्रौढपणीही त्याची उंची पावणेसहा फुटांच्या आतच राहिली आणि वजन साधारण ६३ किलो. आपल्यापेक्षा थोराड पोरांच्या बरोबरीने चेंडू लांब घालवायचा, तर अशा मुलाला मिळेल तेथून वेग गोळा करावा लागतो. त्याने बसवलेल्या पद्धतीत डावा हात दांड्यावर बराच उजवीकडे फिरवलेला असे आणि बॅकस्विंग, म्हणजे फटक्याआधी काठी मागे-वर नेण्याची हालचाल, इतका लांब असे की क्लब (ही काठीच) खांद्यामागून जमिनीला समांतर रेषेच्याही खाली उतरे. या दोन्ही गोष्टींनी अंतर मिळते, आणि या दोन्हीच गोष्टी हुकला आमंत्रण देतात.

१९३० मध्ये तो व्यावसायिक झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे स्पर्धांना जायचे, पैसे संपले की घरी परतायचे आणि पुन्हा साठवून निघायचे, अशी गेली. वैयक्तिक स्पर्धेतील पहिले यश १९४० मध्ये पाइनहर्स्ट येथील नॉर्थ अँड साउथ ओपनमध्ये आले, आणि त्यापाठोपाठ ग्रीन्सबरो व ॲशव्हिल येथील स्पर्धाही त्याने जिंकल्या. १९४०, १९४१ आणि १९४२ अशी सलग तीन वर्षे बक्षिसांच्या कमाईत तो अमेरिकेत पहिला होता. महायुद्धातील लष्करी सेवेनंतर परतल्यावर १९४६ मध्ये त्याने तेरा स्पर्धा जिंकल्या आणि कमाईत पुन्हा पहिला क्रमांक पटकावला.

ही आकडेवारी मुद्दाम येथे दिली आहे, कारण होगनची गोष्ट सांगताना त्याला पकड बदलण्याआधीचा एक अपयशी खेळाडू म्हणून रंगवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. तसा तो नव्हता. १९४६ मध्येच मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही स्पर्धा त्याच्या हातून एकेका फटक्याने गेल्या, पण दोन्ही ठिकाणी शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, त्याला तीन पट (चेंडू भोकाकडे ढकलणारे हलके फटके) लागले होते. तो दोष पटिंगचा, हुकचा नव्हे. हुकचा त्रास वेगळ्या जातीचा होता. तो रोज येत नसे, आणि म्हणूनच त्याचा हिशेब मांडता येत नसे. चेंडू दहा वेळा थोडासा डावीकडे वळून जागेवर पडे आणि अकराव्या वेळी, बहुधा फटका जोरात मारायची गरज असतानाच, झटक्यात खाली व डावीकडे जाई. खिशात विषारी साप बाळगण्याशी त्याने हुकची तुलना केल्याचे सांगतात. तो चावलाच पाहिजे असे नाही. पण खिशात आहे हे ठाऊक असताना हात मोकळा चालत नाही.

पकड फिरवल्याने चेंडू का वळतो

येथे थोडे यंत्रशास्त्र लागते. गोल्फमध्ये पकड घट्ट की सैल हा एक प्रश्न असतो आणि हात दांड्यावर कोणत्या बाजूला फिरवलेले आहेत हा दुसरा. ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ ही नावे दुसऱ्या प्रश्नाशी संबंधित आहेत, दाबाशी नाहीत. उजव्या खेळाडूने चेंडूसमोर उभे राहून खाली पाहिले आणि डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले तीन किंवा चारही उंचवटे दिसले, तर पकड स्ट्राँग. एखाददुसराच दिसला, तर वीक. पहिल्या प्रकारात अंगठा दांड्याच्या उजव्या उतारावर असतो, दुसऱ्यात तो वरच्या मधोमध किंवा किंचित डावीकडे येतो.

क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूवर आदळणारी बाजू, सुरुवातीला दोन्ही प्रकारांत लक्ष्याकडे सरळच ठेवलेला असतो. फरक पडतो तो चेंडूपाशी परत येताना. वेगाने खाली येणाऱ्या क्लबच्या ओढीने डावा हात आपल्या नैसर्गिक ठेवणीकडे, म्हणजे तळहाताची मागची बाजू बऱ्याच अंशी लक्ष्याकडे असलेल्या स्थितीकडे, वळू पाहतो. सुरुवातीला हात जर बराच उजवीकडे फिरवून ठेवला असेल, तर परतताना तो जितका डावीकडे वळतो तितकाच क्लबफेसही डावीकडे वळतो, म्हणजे बंद होतो. हात मुळातच त्या नैसर्गिक स्थितीच्या जवळ ठेवला असेल, तर क्लबफेसला बंद होण्यासाठी वावच कमी उरतो.

चेंडू कोठे जाणार हे दोन गोष्टींवर ठरते. टक्कर होताना क्लबफेस ज्या दिशेला असतो, मुख्यतः त्या दिशेने चेंडू निघतो. आणि क्लबफेसची दिशा व क्लबच्या प्रवासाची दिशा यांत जितका फरक, तितके वळण त्याला मिळते. क्लब आतून बाहेरच्या बाजूला जात असताना फेस त्या मार्गाच्या मानाने बंद असेल, तर चेंडू डावीकडे वळतो. होगनचा क्लब आतूनच येत असे आणि ती त्याच्या ताकदीची वाट होती. ती वाट मोडायची की फेस बंद होण्याला अटकाव करायचा, असा त्याच्यापुढचा पर्याय होता. त्याने दुसरा मार्ग धरला, आणि या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो. दोषाच्या दोन कारणांपैकी एक कारण त्याच्या गुणाचाही पाया होते. त्याने त्याला हात लावला नाही.

बदल नेमका काय होता

होगनच्या स्वतःच्या सांगण्यानुसार हा विचार १९४६ मध्ये पक्का झाला. हुकला कंटाळून तो काही दिवस स्पर्धा सोडून घरी गेला आणि तेथे जुन्या स्कॉटिश खेळाडूंच्या एका तंत्राची त्याला आठवण झाली : बॅकस्विंगमध्ये हात व क्लबफेस फिरवत उघडत नेणे. त्या तंत्राला त्याने आपल्या दोन गोष्टी जोडल्या. पहिली, डावा हात डावीकडे फिरवून अंगठा दांड्याच्या वर मधोमध आणणे. दुसरी, बॅकस्विंगच्या शिखरावर डावे मनगट मागच्या बाजूला थोडेसे वाकवणे, म्हणजे हाताची मागची बाजू आणि हाताचा पुढचा भाग यांच्यात एक उथळ खोलगट कोन तयार होईल. मनगट असे वाकले की क्लबफेस आणखी उघडतो.

याखेरीज अंगठ्याची लांबीही त्याने कमी केली. अंगठा दांड्यावर ताणून लांबवर टेकवला तर क्लब शिखरावर अधिक खाली झुकतो. तो आखडून घेतला तर स्विंग आखूड होतो आणि शिखरावर क्लब डुगडुगत नाही. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधील खोबणीवर टेकवण्याची, हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाणारी पकड त्याने कायम ठेवली. डाव्या हातात दाब शेवटच्या तीन बोटांत, उजव्या हातात मधल्या दोन बोटांत, आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांची चिमूट क्लबवर दाब देणार नाही याची काळजी, अशी त्याची पुढे लिहून ठेवलेली मांडणी आहे. तीत डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्यामधली खाच उजव्या डोळ्याकडे आणि उजव्या हाताची खाच हनुवटीकडे रोखलेली असावी असे त्याने म्हटले आहे. हौशी खेळाडूला सहसा दोन्ही खाचा उजव्या खांद्याच्या दिशेने ठेवायला सांगतात. त्या मानाने होगनचे हात किती डावीकडे फिरलेले होते, हे यावरून कळते.

आता या दोन बदलांचा एकत्रित परिणाम पाहावा. वीक पकडीने फेस बंद होण्याचा वाव कमी झाला, आणि शिखरावरच्या मनगटाने तो आधीच इतका उघडला की खाली येताना जीव तोडून उजवा हात मारला तरी तो सरळपर्यंतच पोहोचेल, त्यापुढे जाणार नाही. कितीही जोर लावला तरी आता हुक बसत नाही, हा होगनचा दावा या जोडीवर उभा आहे. ताकद लावण्यापुरते बोलायचे तर आपल्याला तीन उजवे हात असते तर बरे झाले असते, असेही त्याने लिहिले आहे. ज्याची पकड हुकच्या बाजूला झुकलेली आहे त्याला असे म्हणणे परवडले नसते.

यासाठी मोजलेली किंमत लपवण्यासारखी नाही. बंद होणाऱ्या फेसने मारलेला चेंडू खालून जाऊन लांब धावतो. होगनचा नवा चेंडू उंच जाई, शेवटी किंचित उजवीकडे झुके आणि पडल्यावर लवकर थांबे. अंतर काही प्रमाणात गेले. ज्या माणसाने लहानपणापासून अंतरासाठीच सगळी पद्धत घडवली होती, त्याने ते सोडले.

त्यानंतरची वर्षे

१९४६ पूर्वी होगनच्या नावावर चार प्रमुख स्पर्धांपैकी (मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटनची ओपन आणि पीजीए चँपियनशिप) एकही नव्हती. त्या वर्षी पोर्टलंड येथे त्याने पीजीए चँपियनशिप जिंकली आणि १९५३ पर्यंत अशी नऊ विजेतेपदे मिळवली. १९४८ ची यूएस ओपन त्याने रिव्हिएरा येथे २७६ फटक्यांत जिंकली. तो विक्रम १९६७ पर्यंत टिकला. २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमधील व्हॅन हॉर्नजवळ समोरून आलेली बस त्याच्या मोटारीवर आदळली. कंबरेचे हाड, गळपट्टीचे हाड, डावा घोटा अशी अनेक हाडे मोडली, आणि नंतर पायांतील रक्ताच्या गुठळ्यांमुळे पोटातील मुख्य शीर बांधावी लागली. त्यानंतर सोळा महिन्यांनी, १९५० च्या जूनमध्ये, मेरियन येथे त्याने पुन्हा यूएस ओपन जिंकली. पाय थकलेले असताना चार फेऱ्या आणि वर बरोबरीची जादा फेरी खेळणाऱ्या माणसाला चुका भरून काढण्याइतकी शक्ती नसते. म्हणून हुक नसणे ही त्याच्यासाठी आता केवळ सोय राहिली नव्हती.

या बदलाचा खरा पुरावा मात्र मी १९५३ मधील ब्रिटनच्या ओपन स्पर्धेत, स्कॉटलंडच्या कार्नुस्टी मैदानावर शोधेन. तेथील सहाव्या होलच्या (सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतच्या एका टप्प्याच्या) डाव्या बाजूने सरळ कुंपण जाते आणि कुंपणापलीकडे सीमेबाहेरचा प्रदेश. फेअरवेच्या मधोमध बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत. शहाणपणाचा रस्ता बंकरांच्या उजवीकडून. होगनने बंकर आणि कुंपण यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत चेंडू टाकला असे सांगितले जाते, आणि त्या पट्टीला आज त्याचेच नाव आहे. तो हे चारही फेऱ्यांत करीत होता की एखाद्याच फेरीत, यावर मतभेद आहेत. मुद्द्याला त्याने बाधा येत नाही. हुकची धास्ती असलेला खेळाडू डावीकडच्या कुंपणाच्या दिशेने चेंडू सोडण्याचा विचारही करत नाही. होगन करू शकला, कारण चेंडू वळला तर उजवीकडे वळेल हे त्याला ठाऊक होते. ७३, ७१, ७० आणि ६८ अशा उतरत्या फेऱ्यांनी २८२ फटक्यांत त्याने ती ओपन चार फटक्यांच्या आघाडीने जिंकली. त्या एकाच वर्षी मास्टर्स, यूएस ओपन आणि ही स्पर्धा अशा तिन्ही त्याच्याकडे आल्या. ब्रिटनमध्ये तेव्हा अमेरिकेपेक्षा लहान, १.६२ इंच व्यासाचा चेंडू चाले, आणि वाऱ्यात त्याचे वागणे वेगळे असे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो पुरेसा उद्धृत होत नाही. १९५५ ची यूएस ओपन सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबात झाली. जॅक फ्लेक या फारशा परिचित नसलेल्या खेळाडूशी बरोबरी झाल्यामुळे जादा फेरी खेळावी लागली. शेवटच्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, होगन एका फटक्याने मागे होता. स्विंग करताना त्याचा पाय घसरला, आणि चेंडू डावीकडे दाट गवतात गेला. तेथून बाहेर पडण्यातच फटके वाया गेले. त्याला त्या होलला सहा लागले आणि फेरी ६९ विरुद्ध ७२ अशी गेली. पकड तीच होती, मनगटही तेच. पण खालची जमीन सुटली की कंबर वळायची थांबते, शरीर थांबले की हात पुढे धावतात, आणि हात पुढे धावले की कोणत्याही पकडीतून फेस बंद होऊ शकतो. होगनची वीक पकड चालत होती ती खाली येताना आधी वळणाऱ्या कंबरेच्या आणि चेंडूपाशी लक्ष्याकडे फुगवल्यासारख्या वळणाऱ्या डाव्या मनगटाच्या जिवावर. शिखरावर मागे वाकलेले तेच मनगट टकरीच्या क्षणी उलट बाजूला जाई, आणि उघडा फेस बरोबर सरळ होई.

नक्कल आणि तिचे परिणाम

होगनचे गुपित काय असावे यावर १९५४ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाने इतर व्यावसायिकांचे तर्क छापले होते. ऑगस्ट १९५५ मध्ये, फ्लेककडून हरल्यानंतर दोनच महिन्यांनी, त्याच नियतकालिकात होगनने ते स्वतः सांगितले. त्याच वेळी त्याने एक इशाराही दिला होता : सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्या सामान्य खेळाडूला याचा उपयोग नाही, आणि वाईट खेळाडूला तर हे बुडवील. लोकांनी गुपित उचलले आणि इशारा सोडला. हौशी खेळाडूंतील बहुसंख्यांचा चेंडू स्लाइस होतो, म्हणजे उजवीकडे वळतो. त्यांचा फेस आधीच उघडा असतो. होगनची पकड घेऊन त्यांनी तो आणखी उघडला. मुंबई-पुण्याच्या क्लबांत आजही जुन्या पुस्तकातील चित्र पाहून अंगठा मधोमध आणणारे आणि मग चेंडू उजवीकडच्या झाडीत शोधणारे लोक भेटतात.

त्याच दोषावर दुसरे औषधही लागू पडते, याचे उदाहरण टेक्सासचेच आहे. ली ट्रेव्हिनोही तरुणपणी हुकने बेजार होता. होगनला फोर्ट वर्थच्या शेडी ओक्स क्लबात सराव करताना पाहून, उजवीकडे झुकणारा ताब्यातला फटकाच आपल्याला हवा, हे त्याने ठरवले. पण त्याने पकड वीक केली नाही. स्ट्राँग पकड तशीच ठेवून तो डावीकडे तोंड करून उभा राहू लागला आणि चेंडूनंतरही शरीर वळवत राहून हातांना पलटू देईना. त्याने सहा प्रमुख स्पर्धा जिंकल्या. डर्बनच्या भारतीय वंशाच्या सेवसंकर ‘पापवा’ सेवगोलमने तर डावा हात उजव्याच्या खाली ठेवून, सगळ्या शिकवणुकीच्या उलट, १९५९, १९६० आणि १९६४ मध्ये डच ओपन जिंकली. एकच बरोबर पकड असे काही नसते. पकड आणि तिच्यामागचे शरीर यांची जोडी जुळली आहे की नाही, एवढेच तपासता येते.

होगनच्या मार्गाने जायचे असेल, तर आधी सरावाच्या मैदानावर चेंडूंचा एक संच मारून ते कोठे निघतात आणि कोठे वळतात हे वेगवेगळे नोंदवावे. डावीकडे निघून सरळ जाणारा चेंडू हा हुक नव्हे आणि त्याला हे औषध नाही. खरा हुक असेल, तर डावा हात एका वेळी अर्ध्या उंचवट्याइतकाच फिरवावा आणि उजवा हात त्याच्याशी समांतर आणावा. नुसता डावा फिरवून उजवा जुन्या जागी ठेवला की दोन्ही हात एकमेकांविरुद्ध ओढतात. सुरुवात सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या आखूड क्लबने), अर्ध्या स्विंगने करावी; ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, शेवटी. मनगट वाकवण्याचा भाग त्याच वेळी सुरू करू नये, कारण दोन बदल एकदम केले तर कशाने काय झाले हे कळत नाही. काही आठवडे चेंडू उजवीकडे जाईल. तो कंबर आधी वळवून सरळ होत आला, तर पकड आपल्याला मानवली असे समजावे. तो उजवीकडेच राहिला आणि सरळ करण्यासाठी हात पलटावे लागू लागले, तर डावा हात अर्धा उंचवटा परत उजवीकडे न्यावा आणि तेथेच थांबावे.